जुनी बुलेट घरी बांधताना

श्रीपेरुंबुदूर हे गाव वैष्णव परंपरेला रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून आणि बाकीच्या देशाला १९९१ मधील राजीव गांधींच्या हत्येमुळे ठाऊक असले, तरी चेन्नई–बेंगळुरू महामार्गालगतचा हा पट्टा गेल्या काही दशकांत वाहननिर्मितीचे मोठे केंद्र बनला असून, रॉयल एनफिल्डचे ओरगडम येथे २०१३ साली आणि वल्लम वडगल येथे २०१७ साली सुरू झालेले कारखाने याच परिसरात आहेत. शेजारच्या इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची सुमारे ३.७ किलोमीटर लांबीची शर्यतींची धावपट्टीही आहे. जुन्या मोटारसायकलची घरी पुनर्बांधणी करून तिला आपल्या आवडीचे रूप देऊ पाहणाऱ्या वाचकाला या दोन शेजाऱ्यांपासून दोन उपयुक्त गोष्टी शिकता येतात. कारखान्यात आज तयार होणारी गाडी आणि साठ-सत्तरच्या दशकातली गाडी यांच्या घडणीचे गणित मुळातच निराळे आहे, ही पहिली गोष्ट. आणि धावपट्टीवर चालणारे सगळेच फेरफार सार्वजनिक रस्त्यावर चालत नाहीत, ही दुसरी.

पहिली गोष्ट थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे. मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिच येथील मूळ कंपनी यांच्या भागीदारीतून १९५५ साली ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन झाली आणि मद्रासच्या उत्तरेस तिरुवोत्तियूर येथे ३५० सीसी बुलेटची जुळणी सुरू झाली. आरंभी इंग्लंडहून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. पुढे साचे व यंत्रसामग्रीही इकडे आली आणि गाडी पूर्णपणे येथेच घडू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली आणि इंग्लंडमधील उत्पादन १९७० साली बंद पडले, तरी तिरुवोत्तियूरची बुलेट चालूच राहिली, आणि तिचे बिडाच्या सिलिंडरचे इंजिन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरपर्यंत मूळ आराखड्याशी बऱ्याच अंशी इमान राखून बनत राहिले. ७० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली प्रवासाची लांबी, ही त्याची मापे आणि त्यातून येणारी ३४६ सीसी क्षमता अर्धशतकभर तशीच राहिली. त्यामुळे या इंजिनाचे सुटे भाग आजही सहज मिळतात. परंतु जुन्या यंत्रांवर कातलेल्या आणि कामगाराने हाताने बसवून घेतलेल्या या भागांपैकी एका गाडीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसेलच, अशी खात्री देता येत नाही. नवा मिळालेला भागही कानस, एमरी पेपर आणि मापक हाती घेऊनच बसवावा लागतो. पुनर्बांधणीत कामाचा क्रम, खुणा आणि मापांच्या नोंदी यांना एवढे महत्त्व येते ते यामुळेच.

पुनर्बांधणीसाठी बुलेट हा एकमेव पर्याय नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या १९६१ ते १९९६ या काळातील जावा व येझदी गाड्या, तसेच एस्कॉर्ट्‌सची राजदूत, या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये व्हॉल्व्ह, कॅम आणि स्वतंत्र ऑइल पंप नसल्याने नवशिक्याला त्या अधिक सोप्या जातात. तरीही चार-स्ट्रोक इंजिनाचे सर्व अवयव एकेक करून समजून घेण्याची ज्याला हौस आहे, त्याच्यासाठी बिडाच्या सिलिंडरची बुलेट अधिक शिकवणारी ठरते, आणि पुढील विवेचन मुख्यतः तिलाच धरून आहे.

कागद आधी, लोखंड नंतर

गाडी पाहायला जाताना बहुतेक जण टाकी आणि सायलेन्सर पाहतात. पाहावयास हवे ते फ्रेमच्या मानेवरचा, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरते त्या भागावरचा, चासी क्रमांक आणि क्रँककेसवरचा इंजिन क्रमांक. हे दोन्ही क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी अक्षरशः जुळले पाहिजेत. क्रमांकाच्या आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल, अंकांचे ठसे एका रेषेत नसतील किंवा ‘कागद नंतर करून देतो’ असे आश्वासन मिळत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी अखेर ती भंगाराच्याच भावाची ठरते.

जुनी नोंदणी पुस्तिका हाताने लिहिलेली असल्यास ती ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढवून घेण्यासाठी मूळ परिवहन कार्यालयातच खेपा घालाव्या लागतात, आणि हे काम गाडी खोलण्यापूर्वीच उरकावे, कारण तपासणीसाठी गाडी उभी करावी लागली आणि ती घरात पाच खोक्यांत विखुरलेली असली, की मोठी पंचाईत होते. नोकरीनिमित्त चेन्नईकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबाने पुण्यातली किंवा कोल्हापुरातली वडिलोपार्जित गाडी तिकडे नेली, तर महाराष्ट्रातील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक ठरते, आणि गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ अन्वये तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते, हेही अनेक मालकांच्या ध्यानात राहत नाही.

‘व्हिंटेज’ हा शब्द बोलण्यात सैल वापरला जात असला, तरी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने त्याला निश्चित अर्थ आला आहे. प्रथम नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा खासगी मोटार या वर्गात मोडते. तिला क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली स्वतंत्र मालिका मिळते, नव्या नोंदणीसाठी वीस हजार आणि नूतनीकरणासाठी पाच हजार रुपये शुल्क पडते, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज कामावर जाण्यासाठी गाडी हवी असेल, तर ही नोंदणी घेऊ नये. शिवाय इंजिन किंवा चासी बदलून केलेली कलाकुसर या सवलतीवर पाणी सोडायला लावते, म्हणून फेरफाराचा विचार करण्यापूर्वीच गाडीचे वय मोजून ठेवलेले बरे.

फेरफाराची कायदेशीर मर्यादा

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत उत्पादकाच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हा अर्थ आणखी ठामपणे मांडला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. फ्रेमचा मागचा भाग कापून ‘बॉबर’ करणे, पुढचा फोर्क लांबवून ‘चॉपर’ करणे, दुसऱ्या क्षमतेचे इंजिन बसवणे आणि आतली जाळी काढलेला कर्कश सायलेन्सर लावणे हे प्रकार या कचाट्यात सरळ सापडतात. इंजिन त्याच प्रकारचे पण दुसऱ्या गाडीचे असेल, तर पूर्वपरवानगी घेऊन त्याचा क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो. रंगाचाही उल्लेख नोंदणी प्रमाणपत्रात असतो, त्यामुळे काळी गाडी हिरवी केल्यास तीही नोंद करून घ्यावी.

या सर्वांचा विचार करता घरी काम करणाऱ्याने एकच कसोटी लावावी: केलेला प्रत्येक बदल पाने-पक्कडीच्या साहाय्याने, वेल्डिंग किंवा कापाकापी न करता, मागे घेता आला पाहिजे. बोल्टने बसणारे हँडल, वेगळी सीट, मडगार्ड, आरसे, दिवा, सामानाचे कॅरिअर, फुटरेस्टचे रबर हे बदल या कसोटीला उतरतात, आणि काढलेला मूळ भाग तेल लावून कापडात गुंडाळून ठेवला तर गाडीची किंमतही टिकते. मडगार्ड अर्धे कापणे ही मात्र शुद्ध नासाडी आहे. जुन्या जाड पत्र्याचे मडगार्ड पुन्हा मिळत नाही आणि बाजारात मिळणारे नवे पातळ पत्र्याचे असते. मुंबईच्या वर्देंचीसारख्या व्यावसायिक कार्यशाळांनी बांधलेल्या दिमाखदार गाड्यांची छायाचित्रे पाहून अनेकांना कापाकापीचा मोह होतो, परंतु तेथील कामामागे आराखडा, साचे आणि कुशल वेल्डर असतात, याचा विसर पडू नये. रचनाच बदललेली गाडी चालवण्याची ज्याला खरोखर आस आहे, त्याच्यासाठी इरुंगट्टुकोट्टईसारखी बंदिस्त धावपट्टी हीच योग्य जागा. ती होण्यापूर्वी चेन्नईच्या उत्तरेस शोलावरम येथील दुसऱ्या महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होत असत, आणि शर्यतीसाठी गाडी हलकी करण्याची खटपट देशी कारागीर तिथेच शिकले.

बदल करावासा वाटत असेल तर तो सर्वप्रथम ब्रेकमध्ये करावा, असे सुचवावेसे वाटते. जुन्या बुलेटच्या पुढच्या सहा इंची ड्रम ब्रेकची ताकद आजच्या रहदारीला अपुरी पडते. पुढच्या काळात कंपनीनेच दिलेला सात इंची, दोन्ही शू आघाडीने दाबणारा ड्रम संपूर्ण चाकासह बसवता येतो, आणि मूळ चाक माळ्यावर जपून ठेवता येते.

घरी काय, लेथवर काय

घरी करण्याजोग्या आणि न करण्याजोग्या कामांची वाटणी आधीच ठरवल्यास पैसा आणि हात दोन्ही वाचतात. गाडी उकलणे, साफ करणे, मोजणे, पॅकिंग बदलणे, वायरिंग नव्याने ओढणे, चाकाचे बेअरिंग बदलणे आणि अखेरची जुळणी ही घरची कामे. सिलिंडर बोअर करणे, क्रँक दाबयंत्रावर उघडून पुन्हा सरळ करणे, व्हॉल्व्ह सीट कातणे, पेट्रोलच्या टाकीचे वेल्डिंग आणि क्रोमचा मुलामा ही बाहेरची. टाकी रिकामी झाली तरी तिच्या शिवणींत पेट्रोलची वाफ अडकून राहते आणि वेल्डिंगच्या पहिल्याच ठिणगीला ती स्फोट घडवू शकते, म्हणून हा प्रयोग अंगणातही करू नये. जुन्या ब्रेक शूज आणि क्लच प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या दाबाने उडवल्यास फुप्फुसांत जाते, तेव्हा ओल्या कापडाने पुसून ते कापड पिशवीत बंद करून टाकावे.

हत्यारांच्या बाबतीत एक खोच सांगितली पाहिजे. जुन्या बुलेटवर इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीचे बोल्ट असतात, आणि त्यांच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचे माप न सांगता बोल्टच्या जाडीचे माप सांगतो. पुढच्या काळातल्या गाड्यांवर त्यांच्याच शेजारी मिलिमीटर पद्धतीचे बोल्टही सापडतात. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून वापरला, की बोल्टाच्या कडा गोल होतात आणि मग छिन्नी-हातोड्याखेरीज गत्यंतर उरत नाही. व्हिटवर्थ पान्यांचा एक जुना संच मिळवावा. पुण्याची नाना पेठ किंवा चेन्नईचे पुदुपेट्टई, जेथे मोडीत निघालेल्या वाहनांचे भाग गल्लीगल्लीत मिळतात, अशा बाजारात गाडीच्या सुट्या भागांबरोबर अशी हत्यारेही हाती लागू शकतात.

उकलण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि उकलताना प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट स्वतंत्र पिशवीत घालून त्यावर ठिकाण लिहावे. वायरिंग काढताना प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी. हे काम कंटाळवाणे असते, पण पाच-सहा महिन्यांनी जुळणी करताना ते न केल्याचा पश्चात्ताप प्रत्येक बोल्टामागे होतो.

इंजिन

बिडाच्या बुलेटचे इंजिन ‘ड्राय संप’ पद्धतीचे आहे, म्हणजे ऑइल क्रँकच्या तळाशी न साठता क्रँककेसच्याच मागल्या भागात घडवलेल्या स्वतंत्र कप्प्यात साठते. एक पंप ते बेअरिंगांना पोचवतो आणि दुसरा तळाशी गळालेले ऑइल उचलून परत कप्प्यात टाकतो. गाडी आठवडाभर उभी राहिली, की हे ऑइल हळूहळू क्रँकच्या तळाशी उतरते आणि सुरू करताच सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. एवढ्यावरून पिस्टन रिंगा गेल्या असा निष्कर्ष काढून सिलिंडर खोलण्याची घाई करू नये. गाडी थोडी चालल्यावर धूर थांबत असेल, तर दोष पंपाच्या चकत्यांत शोधावा. या चकत्या आपल्या बैठकीवर पूर्ण टेकल्या पाहिजेत, आणि त्या बारीक व्हॉल्व्ह पेस्टने सपाट काचेवर घासून घरीही दुरुस्त करता येतात. पंप फिरवणारा वर्म नट क्रँकच्या उजव्या टोकावर असतो आणि त्याचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात. हे माहीत नसलेल्या मेस्त्र्याने जोर लावून क्रँकचे टोक तोडल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

इंजिन पूर्ण खोलायचे की नाही, याचा निवाडा बिग एंडच्या तपासणीने करावा. बिग एंड म्हणजे कनेक्टिंग रॉडचा क्रँकवर फिरणारा मोठा सांधा. जुन्या बुलेटमध्ये येथे रोलर बेअरिंगऐवजी तरंगते बुश असते, आणि त्याचे सगळे आयुष्य ऑइलच्या नियमित पुरवठ्यावर अवलंबून असते. सिलिंडर काढून रॉड हातात धरावा आणि तो सरळ वर-खाली ओढून पाहावा. बाजूला थोडासा सरकला तर चालते. वर-खाली जाणवण्याइतका खटका लागला, तर क्रँक लेथवाल्याकडे गेलाच पाहिजे, आणि तिथे तो दोन टोकांमध्ये धरून डायल मापकाने सरळ केल्याशिवाय परत घेऊ नये. सिलिंडर घासला असल्यास तो पुढच्या मापाचा पिस्टन हाती आल्यावरच बोअर करावा, आधी नव्हे, कारण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातले अंतर पिस्टन बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यानुसार ठेवावे लागते, आणि ‘अंदाजे काढलेले’ बोअर पुढे इंजिन जाम करते.

टॅपेटचे सेटिंग ही बिडाच्या बुलेटची खास कला. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लांब सळ्यांना पुशरॉड म्हणतात. त्या सिलिंडरच्या उजव्या अंगाने वर जातात आणि त्यांची लांबी खालच्या टोकाला, एकच नट असलेल्या छोट्या झाकणामागे, कमी-जास्त करता येते. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वात वर आणून, पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवावा: तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली किंचितही हलता कामा नये. जागा इतकी अरुंद असते की तीन पाने एकावर एक धरून लॉकनट आवळावा लागतो, आणि आवळताना माप बिघडते म्हणून नट बसल्यावर पुन्हा बोटाने तपासावे. या इंजिनात फीलर गेजच्या पात्यापेक्षा बोटाचा अंदाज अधिक कामी येतो.

इग्निशनचे सेटिंग मात्र बोटावर सोडता येत नाही. संपर्क-बिंदूंमधले, म्हणजे ज्यांना मेकॅनिक ‘पॉइंट’ म्हणतात त्यांच्यामधले, अंतर सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवून, ॲडव्हान्स यंत्रणा पूर्ण मागे असताना पिस्टन वरच्या टोकाच्या सुमारे ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, असे ३५० बुलेटच्या जुन्या सेवापुस्तिकांत दिलेले आहे. पॉइंटमध्ये सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद धरून तो अलगद ओढत राहावे. तो सुटतो तो क्षण म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण.

किक मारण्याची पद्धतही यावरूनच समजते. इग्निशन चालू करून किक हळूहळू दाबली, की पॉइंट बंद असेपर्यंत हेडलाइटच्या घरावरील ॲमीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि ते उघडताच मध्यावर येतो. कॉम्प्रेशनचा अडसर जाणवला की डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, छोटी लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे न्यावा, लिव्हर सोडावी, किक पुन्हा वर येऊ द्यावी आणि मग पूर्ण वजनाने एकच लाथ हाणावी. ताकदीचा इथे फारसा संबंध नाही. सेटिंग बरोबर असेल तर बारीक अंगकाठीचा माणूसही बुलेट पहिल्या किकला सुरू करतो.

पेट्रोल, टाकी आणि कार्बोरेटर

२०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या गाडीच्या पुनर्बांधणीत ही बाब आता टाळून चालत नाही. इथेनॉल जुने रबर आणि काही वॉर्निश फुगवते वा विरघळवते, हवेतील ओलावा शोषते, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी व कार्बोरेटरच्या वाटीत बसते. चेन्नईच्या किंवा कोकणपट्टीच्या दमट हवेत हा त्रास अधिक. त्यामुळे पेट्रोलची नळी, कॉकचे रबर आणि कार्बोरेटरचे पॅकिंग इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घ्यावे. इथेनॉलमुळे मिश्रणातले इंधन तुलनेने कमी पडते. स्पार्क प्लगचे टोक चालवल्यावर पांढरट दिसू लागले, तर मुख्य जेट, म्हणजे इंधन मोजून सोडणारे पितळी छिद्र, एका मापाने मोठे बसवून पाहावे. गाडी उभी ठेवायची असल्यास कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवावी.

टाकीतला गंज काढण्यासाठी तिखट आम्ले वापरण्याचे कारण नाही. वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कोमट पाण्यात पाच ते दहा टक्के विरघळवून टाकीत रात्रभर ठेवावे, सकाळी ओतून टाकावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात पूर्ण वाळवावे आणि आतून इंजिन ऑइलचा हात फिरवावा. या शेवटच्या पायऱ्यांत ढिलाई झाली तर स्वच्छ झालेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो. टाकीच्या आत लावण्याचे लेप सरसकट वापरू नयेत. इथेनॉल त्यांना पुढे सोलून काढते आणि त्याचे पापुद्रे कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतात.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ही चेन्नईतली नेहमीची कहाणी आहे. डिसेंबर २०१५ चा महापूर आणि डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळ यांत असंख्य दुचाकी पाण्याखाली गेल्या, आणि मुंबईलाही हा अनुभव नवा नाही. अशा गाडीला कधीही किक मारू नये. प्लग काढावा, ऑइल कप्पा, क्रँकचा तळ, प्रायमरी चेनचे झाकण आणि गिअरबॉक्स या चारही ठिकाणचे पाणी-ऑइल सोडावे, सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडे ऑइल घालून इंजिन हाताने फिरवावे, आणि पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यातच बेअरिंगे खोलून पाहावीत. पाण्यात बुडालेली आणि वर्षभर तशीच राहिलेली गाडी विकत घेताना बिग एंड, गिअरबॉक्स आणि चाकांची बेअरिंगे सगळी जातील असे धरूनच किंमत सांगावी.

वीज आणि रंग

जुन्या बुलेटांत सहा व्होल्टची विद्युतव्यवस्था असते आणि काही फार जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. नवी बॅटरी जोडण्याआधी ही जोडणी तपासावी, नाहीतर रेक्टिफायर, म्हणजे अल्टरनेटरची वीज एका दिशेची करणारा भाग, पहिल्याच क्षणी जळतो. वायरिंग पूर्ण नवे ओढावे, फ्यूज बसवावा आणि फ्रेम रंगवल्यावर जिथे अर्थिंग होते त्या जागचा रंग खरडून धातू उघडा करावा. नव्याने रंगवलेल्या गाडीचे दिवे मंद लागण्याचे कारण बहुधा एवढेच असते.

फ्रेमला पावडर कोटिंग टिकाऊ असते, पण त्याचा थर जाड असल्याने क्रमांक बुजतो. म्हणून कोटिंगआधी त्या जागी उष्णता सोसणारी टेप लावून घ्यावी. टाकी आणि मडगार्ड यांना दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग देताना साधे कापडी मास्क पुरत नाही, कारण त्या हार्डनरची वाफ श्वसनमार्गाला घातक असते. रंगकाम धंदेवाइकाकडे सोपवावे हे उत्तम. टाकीवरच्या सोनेरी रेषा कंपनीतही वर्षानुवर्षे कसबी कारागीर लांब केसांच्या कुंचल्याने हाताने ओढत आले आहेत. स्टिकर लावण्यापेक्षा गावातल्या पाट्या रंगवणाऱ्या एखाद्या पेंटरकडून त्या ओढून घ्याव्यात; रेष एखाद्या ठिकाणी केसभर जाड झाली तरी ती मूळ गाडीच्या अधिक जवळची दिसते.

जुळणी पूर्ण झाल्यावर २०डब्ल्यू-५० ऑइल भरून, प्लग काढून, ऑइल रॉकरपर्यंत पोचेपर्यंत इंजिन किकने फिरवावे आणि मगच सुरू करावे. नव्या पिस्टनची गाडी पहिले पाचशे किलोमीटर ताशी ४०–५० च्या वर नेऊ नये, चढावर ओढू नये आणि एकाच वेगात फार वेळ चालवू नये. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ऑइल बदलावे. त्यात पितळी वा चंदेरी चुरा दिसला तर गाडी थांबवून बिग एंड पुन्हा पाहावा. पाचशेनंतर पुन्हा ऑइल आणि फिल्टर बदलावे, हेडचे नट इंजिन थंड असताना कर्णरेषेत, थोडेथोडे करून आवळावेत, आणि ते आवळल्यावर पुशरॉडचे माप हमखास बदललेले असते, म्हणून टॅपेटचे झाकण उघडून दोन्ही सळ्या पुन्हा एकदा बोटांत फिरवून पाहाव्यात.